कृष्णफळाची प्रत कशी ओळखावी आणि कशी मोजावी: गोव्यातील बागायतदार व घरगुती उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, सुपारी आणि मिरीच्या जोडीला कृष्णफळाचा, म्हणजे पॅशन फ्रूटचा, एक मांडव आहे. त्याच्या फळांपासून आम्ही थोड्या प्रमाणावर स्क्वॅश तयार करतो. फळे घेऊन येणारे शेजारी, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटणारे ग्राहक आणि नव्याने मांडव घालू पाहणारे बागायतदार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जात, हंगाम आणि पिकण्याची अवस्था यांनुसार आकडे खालीवर होतात, त्यामुळे ते ठोकताळे म्हणून वापरावेत आणि स्वतःच्या फळाचे मोजमाप स्वतः करावे.

कृष्णफळ आणि कृष्णकमळ एकच का?

कुळ एकच, पण प्रत्येक कृष्णकमळाला खाण्याजोगे फळ धरत नाही. दारात शोभेसाठी लावतात त्या बहुतेक वेली याच प्रजातिसमूहातील इतर जातींच्या असतात. आपण खातो ते फळ ‘पॅसिफ्लोरा एड्युलिस’ या जातीचे असून हे शास्त्रीय नाव जॉन सिम्स यांनी १८१८ मध्ये दिले. मूळ स्थान दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना. पोर्तुगीजमध्ये या फळाला ‘माराकुझा’ म्हणतात आणि तो शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून आलेला आहे. इंग्रजी नावातील ‘पॅशन’चा अर्थ प्रेमावेग असा घेतला जातो, पण तो चुकीचा आहे. येथे त्याचा अर्थ येशू ख्रिस्ताच्या यातना असा आहे. फुलातील तंतूंच्या वलयात काट्यांचा मुकुट, पाच परागकोशांत पाच जखमा आणि तीन कुक्षींत तीन खिळे मिशनऱ्यांनी पाहिले. आपल्याकडे त्याच तंतूंना कौरव, पाचांना पांडव आणि तिघांना ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणतात. गोव्यात एकाच गडग्यावरच्या एकाच फुलाच्या या दोन्ही कथा ऐकायला मिळतात.

गोव्यात जांभळे फळ लावावे की पिवळे? प्रतीत नेमका काय फरक पडतो?

किनारपट्टीच्या उष्ण, दमट हवेला पिवळा प्रकार अधिक मानवतो. जांभळ्याला थोडी उंची आणि गारवा हवा असतो, म्हणून भारतात तो कोडगू, निलगिरी आणि ईशान्येकडील डोंगराळ राज्यांत चांगला येतो. जांभळे फळ लहान, साधारण ३० ते ४५ ग्रॅमचे, तर पिवळे बहुधा ६० ते १०० ग्रॅमचे असते. चवीच्या बाबतीत पारडे उलटे झुकते, कारण जांभळ्याची आम्लता साधारण २ ते ३ टक्के, पिवळ्याची मात्र ३ ते ५ टक्के असते. त्यामुळे कापून चमच्याने खायला जांभळे सरस ठरते आणि सरबताला पिवळे.

कोडगूतील चेट्टळ्ळी येथील बागायती संशोधन केंद्रात या दोन्ही प्रकारांच्या संकरातून ‘कावेरी’ हा वाण तयार झाला. त्याची फळे जांभळी असून वजन साधारण ८५ ते ११० ग्रॅम भरते. रोपवाटिकेत ‘कावेरी’ या नावाने बियांपासून केलेली रोपे मिळाली तर सावध राहावे. संकरित वाणाच्या बियांतून मूळ गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून छाट कलम किंवा भेट कलम करूनच तो वाढवावा लागतो.

बाजारात फळ घेताना बाहेरून प्रत कशी ओळखावी?

हातात घेऊन. डोळ्यांपेक्षा तळहात येथे अधिक विश्वासार्ह आहे. सारख्या आकाराची दोन फळे दोन हातांत धरावीत आणि जड ते घ्यावे. कृष्णफळाच्या सालीआड पोकळी असते व तिच्यात रसाच्या पिशव्यांचा घोस चिकटलेला असतो. घोस भरगच्च असेल तर फळ जड लागते, विरळ असेल तर मोठे दिसूनही हलके लागते. कानाजवळ हलवल्यावर खुळखुळ वाजणाऱ्या फळात गर सुटलेला असतो. ते पिकलेले असते, पण पुरेपूर भरलेले असतेच असे नाही.

सालीवरचे ओरखडे आणि बारीक तपकिरी ठिपके रसाला बाधत नाहीत. मात्र साल एका जागी लाकडासारखी कठीण झाली असेल तर फळमाशीने लहानपणी टोचल्याची शक्यता असते. सगळेच फळ वेडेवाकडे, जाड सालीचे आणि दगडासारखे टणक असेल तर वेलीला विषाणूचा उपद्रव झाला असण्याची शंका घ्यावी. अशा फळात रसासाठी जागाच उरत नाही.

सुरकुतलेले फळ खराब झालेले असते का?

बहुतेक वेळा नाही. बाजारात सर्वांत जास्त अन्याय याच फळांवर होतो. साल जाड व सच्छिद्र असल्याने तोडणीनंतर तिच्यातील पाणी झपाट्याने उडते आणि ती आक्रसते. आतील पिशव्यांचे पाणी त्या मानाने फारच कमी घटते. दरम्यान फळाचा श्वासोच्छ्वास चालू असतो आणि त्यात आम्लाचा काही अंश खर्ची पडतो, त्यामुळे किंचित सुरकुतलेले फळ जिभेला अधिक गोड लागते. घरी खाण्यासाठी आम्ही पिवळी फळे मुद्दाम तीन-चार दिवस सुपात ठेवतो. ज्या सुरकुत्यांबरोबर बुरशी, पाझर किंवा दारूसारखा वास येतो, ते फळ मात्र टाकून द्यावे.

फळ मोठे, पण कापल्यावर आत अर्धे रिकामे. असे का होते?

याचे कारण बहुधा खतात सापडत नाही. फुलाच्या वेळी काय घडले ते पाहावे लागते. प्रत्येक बी स्वतःच्या रसाच्या पिशवीत असते आणि पिशवी तेव्हाच तयार होते जेव्हा त्या बीजांडाचे फलन होते. म्हणजे जितके पराग कुक्षीवर पोचले तितक्या बिया, आणि जितक्या बिया तितका रस. एका चांगल्या फळात शंभर-दोनशे बिया सहज असतात. बी कमी आणि रस जास्त असे फळ हवे, अशी मागणी अनेक जण करतात. या फळाची घडणच तशी नसल्याने ती पुरी होत नाही.

पिवळ्या प्रकाराचे फूल दुपारी बाराच्या सुमारास उमलते आणि रात्री मिटते, तर जांभळे पहाटे उमलून दुपारपर्यंत मिटते. पिवळ्याला स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी वेगळ्या बियांतून आलेली दुसरी वेल असावी लागते. एकाच वेलीच्या फांद्या लावून पूर्ण मांडव भरला, फुलांचा सडा पडला आणि फळ मात्र धरले नाही, असे घडलेले आम्ही सत्तरी तालुक्यात एका ओळखीच्या घरी पाहिले. परागकण जड व चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत आणि लहान मधमाशा पराग गोळा करतात, पण त्यांची पाठ कुक्षीला लागत नाही. हे काम मोठ्या काळ्या भुंग्याचे, जो वाळक्या लाकडात गोल भोके पाडून राहतो. म्हणून मांडवाजवळचे एखादे वाळलेले खोड किंवा जुना वासा जाळून टाकू नये.

भुंगे कमी असतील तर दुपारी एक ते तीनच्या दरम्यान हाताने परागीकरण करता येते. एका वेलीच्या फुलातील पराग बोटाच्या टोकावर घ्यावा आणि दुसऱ्या वेलीच्या फुलातील तिन्ही कुक्षींवर हलकेच फिरवावा. एकीवरच फिरवून पुढे जाण्याचा मोह होतो, तो टाळावा. परागकण भिजला की फुटतो, त्यामुळे भर पावसात उमललेली फुले वाया जातात किंवा अर्धवट भरलेली फळे देतात.

फळ तोडावे की गळू द्यावे?

गळू द्यावे. फळधारणेपासून साधारण ६० ते ८० दिवसांत ते तयार होते आणि पूर्ण पिकल्यावर आपोआप देठातून सुटते. रंग पालटू लागल्यावर तोडलेले फळ घरी रंगते खरे, कारण तोडल्यानंतरही पिकत राहणाऱ्या फळांपैकी हे एक आहे, परंतु गळालेल्या फळाचा वास व गोडवा त्याला येत नाही. अडचण अशी, की आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीवर पडलेल्या फळाला मार लागतो आणि पावसात ते चिखलात लोळते. आम्ही मांडवाखाली गुडघाभर उंचीवर रापणीचे जुने, टाकून दिलेले जाळे ताणून बांधले आहे. त्याला मध्यभागी थोडा झोळ दिल्याने फळे तेथे गोळा होतात. पावसाळ्यात फळे रोज उचलावी लागतात, इतर वेळी दिवसाआड उचलली तरी चालते.

रसाचे प्रमाण कसे मोजावे?

मांडवाच्या वेगवेगळ्या भागांतील किमान दहा फळे घ्यावीत, कारण एकाच फांदीवरची देखणी फळे निवडली तर आकडाही देखणाच येतो. प्रत्येक फळ वजन करून कापावे, गर चमच्याने पूर्ण काढावा आणि साल वेगळी तोलावी. मग गर चाळणीवर घासून रस गाळावा, उरलेल्या बिया तोलाव्यात. रसाचे वजन भागिले फळाचे वजन, गुणिले १००, म्हणजे रसाची टक्केवारी. पिवळ्या फळात साल साधारण निम्मी असते आणि रस एक-तृतीयांशाच्या आसपास असतो. ४० टक्क्यांपर्यंत रस मिळाला तर फळ उत्तम समजावे.

येथे एक फसगत होते. समजा, ताजे फळ ८० ग्रॅमचे असून त्यात साल ४२ ग्रॅम आणि बियांसह गर ३८ ग्रॅम आहे, म्हणजे गर ४७.५ टक्के. आठवडाभराने तेच फळ ६८ ग्रॅम भरले, साल ३१ व गर ३७ ग्रॅम निघाला, तर गर ५४ टक्के दिसेल. गर तर एक ग्रॅमने घटला आहे, टक्केवारी वाढली ती साल वाळल्यामुळे. म्हणून नोंदवहीत फळ गोळा केल्याचा आणि तोलल्याचा असे दोन्ही दिवस लिहावेत. शिळ्या फळांची टक्केवारी दाखवून चढा भाव मागणारे विक्रेते आम्हांला भेटले आहेत. त्यांना हे बहुधा ठाऊक नसावे, असे आम्ही धरून चालतो.

रिफ्रॅक्टोमीटरवर १५ ब्रिक्स दाखवतो, तरी रस इतका आंबट कसा?

ब्रिक्स म्हणजे साखर, हा समज येथे अपुरा पडतो. रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण पाण्यात विरघळलेल्या सर्व घनपदार्थांचा मिळून अंदाज ब्रिक्स या अंशांत देते. आंब्यात त्यांतील बहुतांश भाग साखरेचा असतो आणि पिकल्या आंब्याची आम्लता अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते, म्हणून मानकुरादाच्या बाबतीत ब्रिक्स आणि गोडवा हातात हात घालून चालतात. पिवळ्या कृष्णफळात ३ ते ५ टक्के आम्ल असते. त्यातील बहुतेक भाग सायट्रिक, म्हणजे लिंबातीलच, आम्लाचा असतो आणि थोडे मॅलिक आम्ल असते. १५ ब्रिक्सच्या पिवळ्या फळाच्या रसात प्रत्यक्ष साखर, म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज मिळून, १० टक्क्यांच्या आसपासच निघते.

म्हणून ब्रिक्सला आम्लतेने भागून येणारे गुणोत्तर पाहावे. ब्रिक्स १५ आणि आम्लता ३.७५ असेल तर गुणोत्तर ४, तर ब्रिक्स १६ व आम्लता २.५ असलेल्या जांभळ्या फळाचे ६.४. ब्रिक्समध्ये अंतर एकाच अंशाचे आहे, पण जिभेला दोन वेगळी फळे खाल्ल्यासारखे वाटेल. नुसता ब्रिक्स सांगून फळ विकणे किंवा विकत घेणे आम्ही केव्हाच सोडले आहे.

वाचन घेताना रस मलमलीतून गाळून घ्यावा, नाहीतर काचेवरची सीमारेषा धूसर दिसते. उपकरण ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर आणावे. साध्या उपकरणाचे प्रमाण २० अंश सेल्सिअसला बसवलेले असते. आपल्याकडे खोलीचे तापमान ३० अंश असेल आणि उपकरणात आपोआप दुरुस्तीची सोय नसेल, तसेच त्याच तापमानाला पाण्यावर शून्य लावलेले नसेल, तर वाचन पाऊण अंशाच्या आसपास कमी येते.

आम्लता स्वतः मोजता येईल का?

येईल. ब्युरेट, पिपेट आणि दोन रसायने पुरतात. दहावी-बारावीच्या प्रयोगशाळेत ज्यांनी टायट्रेशन केले आहे, त्यांना यात नवे काहीच नाही. गाळलेला रस पिपेटने ५ मिली घ्यावा आणि त्यात सुमारे ५० मिली उकळून थंड केलेले पाणी घालावे, कारण मूळ रसाचा गडद पिवळा रंग तसाच राहिला तर गुलाबी छटा दिसत नाही. फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाचे दोन-तीन थेंब टाकून ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड हळूहळू सोडावे. फ्लास्क फिरवत राहावे. सुरुवातीला गुलाबी ठिपका पडतो आणि लगेच विरतो. शेवटी शेवटी तो रेंगाळू लागतो, तेव्हा थेंब थेंब सोडावे. छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे. पिवळ्यावर गुलाबी चढल्याने ती प्रत्यक्षात फिकट नारिंगी दिसते, म्हणून शेजारी न तपासलेल्या पातळ रसाचा दुसरा फ्लास्क ठेवून तुलना करावी. खाली पांढरा कागद ठेवण्याचीही सवय लावावी.

१ मिली ०.१ नॉर्मल द्रावण ६.४ मिलिग्रॅम सायट्रिक आम्लाइतके असते. समजा २७.५ मिली लागले, तर २७.५ गुणिले ६.४ म्हणजे १७६ मिलिग्रॅम आम्ल ५ मिली रसात आहे, अर्थात १०० मिलीमध्ये ३.५२ ग्रॅम. तीन वेळा करून सरासरी घ्यावी. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषते आणि आपल्या दमट हवेत तर फारच लवकर. महिनाभर उघड्या बाटलीत राहिलेल्या द्रावणाचा उपयोग करू नये. तो डोळ्यांत आणि त्वचेवर जाळणारा पदार्थ आहे, हेही विसरू नये.

पीएच मोजला तर आम्लता मोजायची गरज काय?

दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. आम्लता म्हणजे एकूण आम्ल किती, ते चवीचा हिशेब देते. पीएच हा सुरक्षिततेचा. कृष्णफळाच्या रसाचा पीएच ३ च्या आसपास असतो. ४.६ च्या खाली बॉट्युलिझम या घातक विषबाधेचा जिवाणू वाढत नाही, त्यामुळे या रसाला उकळत्या पाण्यातील प्रक्रिया पुरेशी ठरते. यीस्ट व बुरशी मात्र आंबटपणाला भीत नाहीत. अशा रसाला ॲल्युमिनियमचे किंवा कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे कदापि वापरू नये.

पावसाळ्यातील फळे पाणचट का लागतात?

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ढगांमुळे पानांना ऊन कमी मिळते, साखर कमी बनते आणि मुळांना पाण्याची कमतरता नसल्याने रस पातळ राहतो. जुलैच्या फळांचे ब्रिक्स आमच्या नोंदवहीत दरवर्षीच मे महिन्याच्या खाली असते. फळ वाईट नसते, मात्र स्क्वॅशच्या कृतीत साखरेचा आकडा नव्याने मांडावा लागतो. मांडव छाटून उजेड आत येऊ देणे आणि बुंध्याशी पाणी साचू न देणे, एवढेच आपल्या हातात आहे.

रस तापवल्यावर घट्ट होऊन तळाला का लागतो?

कृष्णफळाच्या रसात थोडा स्टार्च असतो, जांभळ्यात पिवळ्यापेक्षा अधिक. तापवल्यावर तो पिठल्यासारखा फुगतो आणि भांड्याच्या गरम तळाला थर धरतो. आमची पहिली मोठी खेप अशीच गेली. बारा लिटर रस रुंद पातेल्यात मध्यम आचेवर ठेवला आणि बाटल्या धुण्यासाठी जरा पाठ फिरवली. परत येऊन पाहतो तो तळाला तपकिरी साय, आणि रसाला कृष्णफळाऐवजी उकडलेल्या भोपळ्याचा वास.

रस न तापवण्याचे दुसरे कारण म्हणजे हा बिघडणारा वास. या फळाचा सुगंध इथाइल ब्युटानोएट, इथाइल हेक्सानोएट अशा हलक्या एस्टरांचा आणि अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त संयुगांचा बनलेला असतो. ती संयुगे उष्णतेने उडतात किंवा बदलतात, आणि एकदा गेलेला वास परत आणता येत नाही. तेव्हापासून आम्ही साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण थंड करतो आणि मगच त्यात कच्चा रस मिसळतो.

मिक्सर वापरायचाच असेल तर दोन-तीन क्षणांचे झटके द्यावेत. बी फुटली तर रसात काळे कण आणि तुरट-कडू चव उतरते, ती गाळूनही जात नाही.

स्क्वॅशसाठी साखर आणि आम्ल किती घालावे?

नियमाप्रमाणे स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस आणि किमान ४० टक्के विद्राव्य घनपदार्थ हवेत. आम्ही ४५ ब्रिक्स आणि १.२ टक्के आम्लता धरतो. रस १ किलो, ब्रिक्स १५ आणि आम्लता ३.५ टक्के असेल, तर त्यापासून ४ किलो स्क्वॅश होईल. ४ किलोमध्ये घनपदार्थ हवेत १८०० ग्रॅम, त्यांतील १५० ग्रॅम रसातूनच येतात. आम्ल हवे ४८ ग्रॅम, रसात आहे ३५ ग्रॅम, म्हणून सायट्रिक आम्ल १३ ग्रॅम घालावे. साखर लागेल १६३७ ग्रॅम आणि पाणी १३५० ग्रॅम. रसाची आम्लता ४.८ टक्के निघाली तर वरून आम्ल घालावेच लागत नाही. कृती पाठ करून चालत नाही, ती या दोन आकड्यांवरून दर खेपेला मांडावी लागते.

टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरायचे असल्यास सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा दशलक्षात ३५० भाग आहे, म्हणजे ४ किलोला मेटाबायसल्फाइट अडीच ग्रॅमहून किंचित कमी. ते चमचाभर पाण्यात विरघळवून शेवटी मिसळावे. या रसाचा पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा असल्याने तो टिकतो. भिरंडीच्या, म्हणजे कोकमाच्या, सरबतात मात्र हेच रसायन घातले तर लाल रंग फिका पडतो, हा फरक दोन्ही सरबते करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

पोषणमूल्य किती?

बियांसह १०० ग्रॅम जांभळ्या गरात साधारण ९७ किलोकॅलरी, ११ ग्रॅम साखर, १० ग्रॅम तंतू, ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ३५० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असते. तंतूंचा मोठा भाग बियांत असल्याने गाळलेल्या रसाला तो आकडा लावू नये. क जीवनसत्त्व उष्णता, हवा आणि उजेड यांनी घटते. पेरूची बरोबरी हे फळ करत नाही आणि तसे लेबलावर लिहूही नये.

बिया खाल्ल्या तर चालतात का?

चालतात, कुरकुरीत लागतात. त्यांत २० टक्क्यांहून अधिक तेल असते आणि ते मुख्यतः लिनोलेइक आम्लाचे असते.

कच्ची फळे विषारी असतात, हे खरे का?

कच्च्या फळात आणि पानांत सायनाइड सोडू शकणारी संयुगे असतात. फळ पिकते तसे त्यांचे प्रमाण घटते, म्हणून पूर्ण पिकलेला गर खाण्यास सुरक्षित आहे. कोवळी हिरवी फळे लोणच्यासाठी वापरता येतील का, असे काही जण विचारतात. आमचे उत्तर नकारार्थी आहे. चतुर्थीला माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीत, हिरवी फळे बांधली तर लहान मुलांना ती चाखू देऊ नयेत.

सालीचे काय करावे?

फळाचे निम्मे वजन सालीत जाते, त्यामुळे ती फेकताना जीव तुटतो. पिकल्या फळाच्या सालीच्या आतील पांढऱ्या भागात पेक्टिन भरपूर असते. पिवळी साल उकळून वरचा पापुद्रा काढला की आतील मऊ भाग जेली दाट करण्यासाठी वापरता येतो. उकळलेले पाणी फेकून द्यावे. जांभळ्या सालीचा रंग अँथोसायनिनांचा असतो आणि तो जेलीला गढूळ करतो. आम्ही उरलेली साल गांडूळखतात टाकतो. तिच्या आंबटपणामुळे ती एकदम न टाकता पाल्यात मिसळून टाकावी लागते.

फळे आणि गर किती दिवस टिकतात?

खोलीच्या तापमानाला पिकलेले फळ आठवडाभर नीट राहते. ७ ते १० अंश सेल्सिअस आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मिळाली तर ते आणखी काही आठवडे टिकते. ६ अंशांच्या खाली साल काळवंडू लागते, त्यामुळे घरच्या फ्रिजमध्ये फळे भाजीच्या कप्प्यात, सैल बांधलेल्या पिशवीत ठेवावीत. हे फळ इथिलीन वायू मोठ्या प्रमाणावर सोडते. त्याच टोपलीत केळी किंवा चिकू ठेवले तर ती अपेक्षेपेक्षा एक-दोन दिवस आधीच मऊ पडतात. बियांसह गर बर्फाच्या साच्यात घालून उणे १८ अंशांवर गोठवला तर सुगंध बऱ्याच अंशी तसाच राहतो. गोठवण्याआधी त्यात वजनाच्या दहाव्या हिश्शाने साखर मिसळली, तर वितळल्यावर रस आणि गर वेगळे होण्याचे प्रमाण कमी होते, असा आमचा अनुभव आहे. गोठवलेल्या प्रत्येक पिशवीवर आम्ही तारखेखाली ब्रिक्स आणि आम्लता लिहून ठेवतो, म्हणजे डिसेंबरात स्क्वॅश करताना पुन्हा ब्युरेट काढावी लागत नाही.